गोधडीतला शोभादर्शक



जत्रेत मिळणारी ती पुठ्ठ्याची नळी आपण सर्वांनी लहानपणी केव्हा ना केव्हा डोळ्याला लावलेली असेल. नळी जराशी फिरवली की आतले बांगड्यांचे तुकडे खळकन सरकतात आणि पाहता पाहता एक नवे फूल उमलते. इंग्रजीत तिला कॅलिडोस्कोप म्हणतात; आपल्याकडे कोणी शोभादर्शक म्हणतात, कोणी बहुरूपदर्शक. स्कॉटलंडमधील डेव्हिड ब्रूस्टर या शास्त्रज्ञाला तिची कल्पना १८१६ साली सुचली, १८१७ साली त्याने तिचे पेटंट घेतले आणि १८१९ साली तिच्यावर एक ग्रंथही लिहिला. आपली ही नळी म्हणजे केवळ मुलांचे खेळणे नव्हे, गालिच्यांसारख्या वस्तूंवर नक्षी काढणाऱ्या कारागिरांनाही तिचा उपयोग होईल, असे त्याचे म्हणणे होते.

ब्रूस्टरचे ते म्हणणे खरे ठरले आहे. अमेरिकेत चिंध्या जोडून रजया शिवण्याची जुनी परंपरा आहे. आपल्या गोधडीचीच ती चुलत बहीण म्हणा ना. तिथल्या काही शिवणकर्त्या बायकांनी शोभादर्शकातले फूल कापडात उतरवण्याचा छंद घेतला. बेथनी रेनॉल्ड्स या बाईंनी नक्षीच्या कापडाचे थर एकावर एक अचूक लावून एकसारखे तुकडे कापण्याची रीत १९९८ साली एका पुस्तकात समजावून दिली. न्यूयॉर्कच्या पॉला नॅडेलस्टर्न यांच्या शोभादर्शकी रजयांचे तर २००९ साली तिथल्या लोककला संग्रहालयात प्रदर्शनच भरले होते. आणखी एक नाव सांगायला हवे, ते जिनी बेयर यांचे. या बाई १९७२ च्या सुमारास आपल्या देशात राहत होत्या आणि त्यांनी आपली पहिली रजई इथल्याच सुती कापडातून शिवायला घेतली. पुढे काठाच्या नक्षीचा उपयोग करण्यात त्यांचे मोठे नाव झाले. तेव्हा हा विषय अगदीच परका आहे असे समजण्याचे कारण नाही.

मी स्वतः काही गोधडी शिवणारा नव्हे. मी महाविद्यालयात गणित शिकवतो. पण दोन वर्षांपूर्वी आमच्या ताईने आईची साडी माझ्यापुढे ठेवली आणि मला या गोष्टीत लक्ष घालणे भाग पडले. आई जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. साडी वायलची, छापील, निळ्या जमिनीवर मोठमोठ्या तांबूस कुयऱ्यांची. ताईला नातवासाठी तिची गोधडी करायची होती. ती म्हणाली, "अरे, ठिगळं जोडून काय, कुणीही करील. पण आईची साडी एकच आहे. एकदा कात्री लागली की लागली. तू गणिताचा मास्तर ना, मग सांग कशी कापायची ते."

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र तितके सरळ नव्हते, आणि माझी त्यात फजितीही झाली. ती पुढे सांगतोच. आधी मूळ कल्पना समजावून घेऊ.

शिंपी सदऱ्याला तिकोनी पट्टी जोडतात तिला कळी म्हणतात. आपणही तोच शब्द वापरू. एका बिंदूभोवती सहा कळ्या जोडल्या तर षट्कोनी फूल होते. आठ जोडल्या तर अष्टकोनी. पूर्ण फेरा ३६० अंशांचा. म्हणून सहा कळ्यांच्या फुलात प्रत्येक कळीचे टोक ६० अंशांचे आणि आठ कळ्यांच्या फुलात ४५ अंशांचे. अमेरिकेतल्या जुन्या पद्धतीच्या शोभादर्शक चौकोनात आठ कळ्या असतात आणि चार कोपऱ्यांना चार त्रिकोण जोडून तो चौरस पुरा करतात. चौरस बारा इंचांचा हवा असेल तर कळीची उंची सहा इंच, पायाची रुंदी पाच इंचांना जेमतेम कमी आणि कोपऱ्यातल्या त्रिकोणाच्या काटकोनाजवळच्या बाजू साडेतीन इंचांच्या. शिवणीसाठी चारी अंगांनी पाव इंच माया सोडायची ती निराळी.

आता खरी गंमत अशी, की सगळ्या कळ्या कापडाच्या नक्षीतल्या अगदी एकाच जागेच्या असल्या पाहिजेत. एका कळीच्या टोकाला कुयरीचा देठ आला, तर प्रत्येक कळीच्या टोकाला तोच देठ, तितकाच, तिथेच आला पाहिजे. मग मध्यभागी सहा देठ एकत्र येतात आणि मूळ कापडात कुठेही नसलेले एक फूल जन्माला येते.

म्हणूनच कापड निवडताना आपली नेहमीची नजर उपयोगी पडत नाही. दुकानदार गठ्ठा उलगडतो, आपण चार हात लांबून पाहतो आणि म्हणतो, "छान आहे हो." पण फुलात दिसणार आहे ते कापड नव्हे, त्या कापडाचा तळहाताएवढा तिकोनी तुकडा. दुरून शोभणारी बारीक बुट्टी अशा फुलात मुळीच उठत नाही. कुठूनही कापा, तुकडा सारखाच. उलट, अंगावर घ्यायला भडक वाटेल, पडद्याला लावायला नको वाटेल, असे मोठ्या वेलबुट्टीचे कापड कापल्यावर असे काही रूप धरते की पाहत राहावे. तेव्हा पहिला नियम हा, की नक्षी कळीच्या मानाने फार लहान नको. कळी पाच-सहा इंचांची असेल तर फूल, पान, कुयरी निदान तीन-चार इंचांची तरी असावी. त्याहून मोठी असली तर उत्तमच.

दुसरा नियम उजेड-अंधाराचा. डोळे अर्धवट मिटून कापडाकडे पाहा. सगळे कापड एकाच रंगाच्या धुक्यासारखे दिसले तर ते बाजूला ठेवा. गडद आणि फिके स्पष्ट वेगळे दिसले तर ते कामाचे. रंग किती आहेत याला तितके महत्त्व नाही. दोनच रंग असोत, पण एक उजळ आणि एक गडद हवा.

तिसरा नियम रिकाम्या जमिनीचा. फुलाफुलांमध्ये वीतभर मोकळी जागा असेल तर काही कळ्या साफ कोऱ्या निघतात आणि गोधडीत भोके पडल्यासारखी दिसतात. नक्षी एकमेकीत गुंतलेली, वळणे घेत जाणारी असावी. पट्ट्यापट्ट्यांचे कापडही चालते. पट्टे कळीच्या पायाला समांतर ठेवले तर कोळ्याच्या जाळ्यासारखी वलये होतात. उभे ठेवले तर चांदणी होते. म्हणजे साधे पट्ट्यांचे कापडसुद्धा दोन रूपे देते.

चौथी गोष्ट मोजमापाची, आणि इथे पुष्कळांचा हिशेब चुकतो. छापील कापडावर नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा पुन्हा येते. या अंतराला आपण आवर्तन म्हणू. गिरणीतली पुष्कळशी छपाई आज गोल फिरणाऱ्या जाळीदार नळकांड्याने होते. त्या नळकांड्याचा घेर सामान्यतः ६४ सेंटिमीटर असतो. एक फेरा संपून दुसरा सुरू झाला की तीच नक्षी पुन्हा उमटते. म्हणून आवर्तन बहुधा ६४ सेंटिमीटर, नाही तर त्याचे अर्धे ३२, नाही तर पाव म्हणजे १६ असते. पण अंदाजावर जाऊ नये. एखादी खुणेची जागा धरावी, समजा मोडलेल्या पानाचे टोक, आणि तेच टोक लांबीच्या दिशेने पुन्हा कुठे येते ते टेपने मोजावे. हाताने ठसे मारलेल्या कापडात आवर्तन ठशाएवढे लहान असते, पण हात माणसाचा असल्यामुळे दर वेळी केसभर फरक पडतो. त्यात एक जिवंतपणा असतो खरा. काटेकोर फूल हवे असेल तर मात्र ते कापड टाळावे.

सहा कळ्यांना सहा आवर्तने लागतात, आठ कळ्यांना आठ. आवर्तन ६४ सेंटिमीटरचे असेल तर सहा थरांना ३ मीटर ८४ सेंटिमीटर आणि आठ थरांना ५ मीटर १२ सेंटिमीटर कापड हवे. साडी साडेपाच मीटरांची, म्हणजे आठ थर सहज निघतील, असे मी ताईला ठणकावून सांगितले. ताईने साडी अंगणात पसरली आणि पदराकडे बोट दाखवले. पदराची नक्षी निराळी! तो ८० सेंटिमीटरांचा पदर वजा केल्यावर राहिले ४ मीटर ७० सेंटिमीटर. त्यात सातच आवर्तने बसली. तेव्हा अष्टकोनाचा बेत सोडला आणि षट्कोन ठरला. सातवे आवर्तन शिल्लक राहिले, ते बरेच झाले. जुन्या साडीचा निऱ्यांचा भाग आणि टाचेकडची कड विरलेली असते. सहा थरांपैकी एकाचा तुकडा विरका निघाला की सातव्यातून भर घालता येते. जुन्या साडीत एक आवर्तन नेहमी राखीव ठेवावे, हे मी तेव्हा शिकलो.

आता आरशाची गोष्ट. कापड कापण्याआधी फूल कसे दिसेल हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. काचेच्या दुकानातून वीतभर उंचीचे दोन चौकोनी आरसे आणावेत. पाठीमागून एका कडेला चिकटपट्टी लावून ते पुस्तकासारखे जोडावेत आणि कापडावर उभे करावेत. आरशांमधला कोन ६० अंशांचा केला की सहा पाकळ्यांचे फूल दिसते, ४५ केला की आठ पाकळ्यांचे. कोन मोजायला साधन नसले तरी अडत नाही. कंपासने वर्तुळ काढावे आणि तोच कंपास न बदलता परिघावर खुणा करीत जावे. बरोबर सहा खुणा होतात. केंद्रापासून दोन शेजारच्या खुणांना रेघा काढल्या की झाला ६० अंशांचा कोन. आणि कागदाचा काटकोनी कोपरा कडेवर कड आणून दुमडला की ४५ अंश मिळतात.

मी असेच आरसे घेऊन गेलो. साडीवर ते फिरवत एका ठिकाणी थांबलो. दोन-दोन कुयऱ्या तोंडाला तोंड लावून बसल्या होत्या आणि मध्ये तांबड्या चांदणीसारखे फूल फुलले होते. ताई हरखून गेली. सुदैवाने तिने सगळी साडी एकदम कापली नाही. विरक्या कडेजवळ एकच जागा धरून तिने सहा कळ्या कापल्या, रात्री त्या जोडल्या आणि सकाळी षट्कोन माझ्यापुढे टाकला.

"हे बघ. तुझ्या आरशानं फसवलं की रे!"

कुयऱ्या समोरासमोर नव्हत्याच. त्या एकीमागे एक धावत होत्या, भोवऱ्यासारख्या. शिवणीपाशी रेघाही जुळत नव्हत्या. एका कळीतला वेल शिवणीवर येऊन तुटत होता. ताई पुढे म्हणाली, "आईची साडी आहे म्हणून दुखतं. दुसरी असती तर हसले असते." मला काय बोलावे सुचेना. वर्गात मुलांना परावर्तन आणि परिभ्रमण यांतला फरक मी दर वर्षी शिकवतो, आणि नेमका तोच मी विसरलो होतो.

फरक असा आहे. आरसा उजव्याचे डावे करतो. आरशातल्या सहा पाकळ्यांपैकी तीन सुलट असतात आणि तीन उलट, एकाआड एक. पण थर लावून आपण जे सहा तुकडे कापतो ते सगळेच सुलट असतात. ते फक्त मध्याभोवती फिरवून मांडलेले असतात. छापील कापड उलटे करून लावावे म्हटले तर उलटी बाजू फिकी. म्हणून आरसा समोरासमोरच्या कुयऱ्या दाखवतो आणि सुई धावत्या कुयऱ्या शिवते. आरसा खोटे बोलत नाही. तो निराळ्या प्रश्नाचे उत्तर देतो.

मग आरशासारखे फूल कापडात मिळायचेच नाही का? मिळते, पण त्यासाठी कळी स्वतःच दोन्ही अंगांनी सारखी असावी लागते. कमळाचे फूल, समोरून काढलेले पान, देवळाच्या शिखराची आकृती, यांच्या मधोमध रेघ ओढली तर डावा भाग उजव्याचे प्रतिबिंब असतो. अशा नक्षीवर कळी ठेवताना तिची मधली रेघ नक्षीच्या मधल्या रेघेवर तंतोतंत ठेवायची. मग कळीच्या डाव्या कडेवर जिथे तांबडी रेघ येते तिथेच ती उजव्या कडेवरही येते. शेजारच्या कळीचेही तसेच. त्यामुळे शिवणीवर रेघेला रेघ मिळते, वेल पुढे चालू राहतो आणि शिवण कुठे आहे ते शोधावे लागते. सगळे मर्म इथे आहे: कळीच्या दोन कडा एकमेकींशी जुळतात की नाही.

कुयरीला मान वाकडी असते. तिच्या मधोमध अशी रेघ ओढताच येत नाही. म्हणून एकट्या कुयरीतून भोवराच निघणार. भोवरा वाईट असतो असे नाही. पण आपल्याला भोवरा हवा की कमळ, हे कात्री चालवण्याआधी ठरवले पाहिजे.

आणि साडीत दोन्ही अंगांनी सारखी नक्षी हमखास कुठे सापडते, ठाऊक आहे? काठात. आईच्या साडीच्या काठावर लहान लहान कमळे होती, प्रत्येक अगदी समतोल. काठाचे आवर्तन लहान, त्यामुळे तुकड्यांची ददात नाही. कळीचा पाया काठावर ठेवला तर षट्कोनाभोवती काठाची चौकट उभी राहते. टोक काठावर ठेवले तर मध्यभागी कमळ फुलते.

आणखी एक मार्ग आपल्या हातमागाने खुला ठेवला आहे. सूत आधी रंगवून विणलेले साध्या विणीचे चौकड्यांचे कापड दोन्ही बाजूंनी सारखे असते. त्याचे तीन तुकडे सुलट आणि तीन उलट लावले की आरशाचे फूल जसेच्या तसे मिळते. कच्छचा अजरखही काही वेळा दोन्ही बाजूंनी छापलेला असतो. कापड घेताना ते उलटून पाहण्याची सवय लावून घ्या.

आता थोडे शिवणाऱ्या हातांसाठी. शक्यतो सुतीच कापड घ्यावे. गुळगुळीत कृत्रिम धाग्याची साडी थरात सरकते. नवे कापड असेल तर आधी धुऊन आटवून घ्यावे आणि रंग जातो का ते ओल्या पांढऱ्या चिंधीने पुसून पाहावे. तांबड्या आणि निळ्या रंगांच्या बाबतीत हे विसरू नये. कळीच्या तिरक्या कडा ओढल्या की ताणतात, म्हणून कापण्याआधी कापडाला खळ द्यावी. भाताची पेजही चालते. थर लावताना नक्षीतला एकच बिंदू धरावा, त्यातून टाचणी सरळ खाली सहाही थरांतून घालावी आणि प्रत्येक थरात ती त्याच बिंदूतून जाते की नाही ते पाहावे. असे निदान चार ठिकाणी करावे. गोल पात्याची सुरी असेल तर थर एकदम कापता येतात. साध्या कात्रीने थर हलतात, तेव्हा पुठ्ठ्याचा साचा करून एकेक कळी वेगळी आखून कापलेली बरी. कोनात चूक होऊ देऊ नये. प्रत्येक कळीत एक अंश जास्त झाला तर आठ कळ्यांत आठ अंश होतात आणि फूल जमिनीवर सपाट बसत नाही, मध्येच फुगते. आणि सर्वांत महत्त्वाचे, सगळे कापड कापण्याआधी एक फूल पुरे करून पाहावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. दोन आरसे आणि घरातला एखादा छापील रुमाल, एवढे साहित्य कोणत्याही शाळेत जमते. मुलांना आरशांमधला कोन हळूहळू कमी करायला सांगा आणि पाकळ्या मोजायला लावा. १२० अंशांना तीन, ९० ला चार, ६० ला सहा, ४५ ला आठ. ३६० ला कोनाने भागायचे, हे मुले आपण होऊन सांगतील. मग पुठ्ठ्यात तिकोनी खिडकी कापून ती रुमालावर फिरवायला द्या आणि विचारा, या खिडकीच्या दोन कडा जुळतात का? एकाच आकृतीचे सहा तुकडे कागदावर फिरवून चिकटवू द्या आणि आरशातल्या फुलाशी ताडून पाहू द्या. मी जे आईच्या साडीवर शिकलो, ते तुमचे विद्यार्थी रुमालावर शिकतील. आणि जिच्या आईने, आजीने गोधडी शिवली आहे अशी मुलगी वर्गात असेल, तर त्या तासाला बोलायला पहिली तिला उभी करा. घरी चालते ते भूमितीच आहे, हे तिला कोणीतरी सांगायला हवे.

ताईची गोधडी पुरी व्हायला चार महिने लागले. मधोमध कुयऱ्यांचे भोवरे आहेत आणि चारी बाजूंना काठातली कमळे. तो पहिला फसलेला षट्कोन मी बाजूला ठेवायला सांगत होतो. ताईने तो अगदी मध्यावर लावला. नातवाला तोच आवडतो. त्यावर बोट ठेवून तो कुयऱ्या मोजत जातो, आणि सहा झाल्या की पुन्हा एकपासून सुरू करतो.